वाबळे सरांची सावड

मेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये, असं माझी आई सांगायची. वाबळे सर ठणठणीत आहेत असं परवाच कुणाकडून तरी कळलं, तेव्हा ती अडचण नाही. मला हा माणूस आवडत नव्हता आणि आजही आवडत नाही. वय वाढलं की राग निवळतो, माणूस समजून घ्यायला लागतो वगैरे लोक म्हणतात. माझा निवळलेला नाही, आणि तो निवळावा म्हणून मी काही उपासतापासही केलेले नाहीत. त्यांचा उल्लेख मी 'अहो-जाहो'ने करते आहे तो निव्वळ नोकरीतल्या सवयीने.

शेवगावच्या बाहेर, कापसाच्या वावरांच्या मधोमध एक तंत्रनिकेतन उभं राहिलं होतं. नव्वदीचं दशक सरत आलं होतं आणि ज्याच्या त्याच्या तोंडी कॉम्प्युटर होता. मी तिथं इंग्रजी शिकवायचे. वाबळे सर कॉम्प्युटरचे, आणि लॅब त्यांच्या ताब्यात. स्टाफरूममध्ये आमची टेबलं एकमेकांना चिकटून आणि क्वार्टर्समध्ये आमची भिंत एकच, म्हणजे सुटका कुठूनच नव्हती.

दिसायला माणूस नीटनेटका. इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, केसांचा भांग सरळ, खिशाला दोन पेनं. एक स्वतःचं आणि एक दुसऱ्यांना द्यायचं. कुणी पेन मागितलं की ते दुसरं पेन द्यायचे, पण टोपण स्वतःच्या खिशात ठेवून. बँकेत करतात तसं. टोपण नसलेलं पेन कुणी घरी नेत नाही, हे त्यांनी मला मोठ्या अभिमानाने समजावून सांगितलं होतं.

"मॅडम, जगात दोनच जाती आहेत," ते म्हणायचे. "देणारे आणि ऐतखाऊ." हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी कानावर पडायचंच. आपण पहिल्या जातीतले आहोत याबद्दल त्यांना कधी शंका आली नाही. खरं म्हणजे ते देणारेही नव्हते, फेडणारे होते. या दोन्हींत फरक आहे, हे त्यांना कुणी लहानपणी सांगितलं नसावं.

स्टाफरूममध्ये चहा पाळीपाळीने असायचा. पाळी कुणाची हे आम्ही विसरायचो, वाबळे सर नाही. एकदा आमच्या कुलकर्णी सरांचे वडील गेले. तेरावं उरकून ते कामावर आले, डोक्यावर नुकते खुंट उगवलेले, चेहरा उतरलेला. आम्ही सगळे काय बोलावं या विचारात गप्प बसलो होतो. वाबळे सरांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "सर, मागच्या बुधवारचा चहा तुमच्याकडे राहिलाय." कुलकर्णी बिचारे "हो हो" म्हणत उठले आणि स्वतः कॅन्टीनकडे गेले. मी त्या दिवशी चहा घेतला नाही. वाबळे सरांनी माझ्या वाट्याचाही प्यायला, वाया जाऊ नये म्हणून.

दुसरी गोष्ट नाताळची. माझी आई नगरच्या मिशन शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली, माझ्याबरोबर राहायची. नाताळला आमच्या घरी करंज्या, शंकरपाळी, अनारसे, सगळं साग्रसंगीत व्हायचं, आणि ते शेजारीपाजारी गेल्याशिवाय आईला घास गोड लागायचा नाही. पहिल्या वर्षी तिने वाबळे सरांकडे ताटली पाठवली, वर स्वतः विणलेला रुमाल घालून. दुसऱ्या दिवशी सकाळी सर दारात हजर. ताटली घासूनपुसून लख्ख, रुमाल घडी केलेला, आणि ताटलीत बिस्किटांचे पुडे रचलेले.

"घ्या आई, फिट्टंफाट झाली," सर म्हणाले.

आईने ताटली हातात घेतली आणि त्यांच्याकडे बघत राहिली. "अरे बाबा, मी सणाचं दिलं होतं. तू सावकाराचं फेडल्यासारखं काय करतोस?"

"उधारी मला झोपू देत नाही, आई."

ते गेल्यावर आईने ते पुडे आमचा शिपाई भानुदास याच्या मुलांना देऊन टाकले आणि पुढच्या वर्षीपासून ताटली पाठवली नाही. तिला फार लागलं होतं ते. माणसाला रागावून काही बोलायचा तिचा स्वभाव नव्हता. रागाचा वारसा मला माझ्या वडिलांकडून आला आहे.

भानुदासचीही एक गोष्ट आहे. त्या वर्षी एसटीचा संप होता, ऊन मी म्हणत होतं आणि भानुदास गावातून कॉलेजपर्यंत चालत येत होता. मागून वाबळे सर स्कूटरवर आले. मागची सीट मोकळी. पुढचं भानुदासच्याच तोंडून ऐकलेलं सांगते. "सर थांबले, मॅडम. मला वाटलं बसवित्यात. तर म्हनले, भानुदास, तुज्याकडं गाडी न्हाई, मंग तू मला परत कधी सोडशील? मी म्हनलं, सायकलीवर सोडीन की सर. तर म्हनले, आदी सायकल आन, मंग बगू. आन गेले की फुर्रकन." हे सांगताना भानुदास हसत होता. मला हसू आलं नाही.

आता एक मान्य करते, नाहीतर माझा राग खोटा ठरेल. माणूस हुशार होता. ते येण्याआधी लॅबमध्ये एकाच मशीनला सीडीचा ड्राइव्ह होता आणि सगळे धडे त्या एकाच मशीनवर. मुलं रेशनच्या दुकानासारखी त्याच्यासमोर रांग लावायची, आणि ते मशीन बसलं की सगळी लॅब हातावर हात ठेवून बसायची. बाकीच्या मशीनांच्या डिस्क इतक्या लहान, की सगळे धडे कुठल्याच एका मशीनवर मावत नसत. वाबळे सरांनी टेबलाखाली स्वतः रांगत जाऊन काळी वायर टाकली. एका मशीनच्या पाठीतून निघायची, दुसऱ्याच्या पाठीत शिरायची, अशी शेवटच्या मशीनपर्यंत. मग प्रोग्राम लिहिला. काही धडे या मशीनवर, काही त्या मशीनवर. आपल्याकडे नसलेला धडा हवा असेल तर मशीन शेजाऱ्यांकडे तुकड्यातुकड्याने मागणार. पहिला तुकडा इथून, दुसरा तिथून, आणि मिळालेला तुकडा तिसऱ्याने मागितला तर त्याला द्यायचा. मोठा मालक कुणीच नाही. सगळे एकमेकांचे देणेकरी आणि घेणेकरी.

मला यंत्रातलं फारसं कळत नाही, पण हे मलाही कळलं आणि आवडलं. नाव त्यांनी ठेवलं होतं 'सावड'. शेतातली सावड, आज सगळ्यांनी मिळून तुझ्या वावरात, उद्या माझ्या. प्राचार्य खूश झाले. मराठी नाव, शेतकऱ्याचं नाव, संस्थाचालकांना भाषणात वापरायला बरं.

पण सावडीला वाबळे सरांनी आपला स्वभाव घातला. प्रत्येक मशीन लक्षात ठेवणार, की आपल्याला कुणी किती दिलं. ज्याने दिलं त्याला आधी. ज्याने दिलं नाही त्याच्या पडद्यावर निळ्या पट्टीत सरांनी स्वतः लिहिलेलं वाक्य यायचं: 'आधी द्या, मग मागा.' पोरं त्याची नक्कल करायची. कुणी डब्यातली भाजी मागितली की दुसरा घोगऱ्या आवाजात म्हणायचा, "आधी द्या, मग मागा."

मंदा पगारे शेवटच्या वर्षाला होती. बोधेगावच्याही पुढच्या एका वाडीवरून यायची, एसटीने. बस पोहोचेपर्यंत तास सुरू झालेला, म्हणून तिच्या वाट्याला उरलेली जागा आली, वायरीच्या अगदी टोकाचं जुनाट मशीन. मुलगी बोलायची कमी, पण तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला घरी जाऊन शोधावं लागायचं. घरी तिच्या वडिलांनी दोन ठिकाणी शब्द दिला होता. पास झाली तर नगरच्या एमआयडीसीत एका कंपनीत ट्रेनी म्हणून लागणार होती, तिच्या मामाने तिथं बोलून ठेवलं होतं. नापास झाली तर मे महिन्यात लग्न, मुलाकडच्यांना तसं सांगून ठेवलेलं. हे तिने मला बातमी सांगावी तशा आवाजात सांगितलं, आणि मग इंग्रजीतलं एक वाक्य समजावून घ्यायला वही पुढे केली.

फेब्रुवारीत तिच्या मशीनची डिस्क गेली. नवी बसवली, कोरी करकरीत. आता तिच्याकडे द्यायला काहीच नव्हतं. द्यायला नाही म्हणून मिळायला नाही, आणि मिळत नाही म्हणून द्यायला नाही. निळी पट्टी तिच्या पडद्यावर मुक्कामाला आली. कधी कुणाचीच मागणी नसेल तेव्हा एखादा तुकडा चुकूनमाकून यायचा. चौथा धडा आला तर तिसरा नाही, पाचव्याची सुरुवात आहे आणि शेवट नाही. फ्लॉपीने न्यावं तर व्हायरसच्या भीतीने सरांनी सगळ्या मशीनांचे फ्लॉपी ड्राइव्ह काढून कपाटात ठेवलेले. सीडीही त्याच कपाटात. दुपारच्या सुट्टीत मैत्रिणीच्या मशीनवर वाचावं तर नेमकं तेव्हाच भारनियमन. लायब्ररीतलं एकुलतं एक पुस्तक सरांच्या नावावर, आणि ते बदली पुस्तक आणणाऱ्यालाच मिळायचं. मंदाकडे बदली द्यायला तिच्या भावाचं इतिहासाचं पुस्तक होतं. सरांनी ते चाळलं आणि परत केलं.

मी सरांना गाठलं. "सर, तिच्या मशीनमध्ये सीडीवरून थोडे धडे घाला. अर्ध्या तासाचं काम आहे."

"मॅडम, हाताने भरायचं तर मग नेटवर्क कशाला केलं? तिने नियमाने घ्यावं."

"नियमाने तिला काही मिळतच नाहीये."

"मग तिने काही द्यावं."

मी प्राचार्यांकडे गेले. ते म्हणाले, वाबळे सरांचा विषय आहे, मी त्यात कसा पडू. त्यांच्या टेबलावर 'सावड'च्या कौतुकाचं वर्तमानपत्रातलं कात्रण काचेखाली होतं.

शेवटी मंदाच बोलली. तास संपत आला होता, मी तिला बोलवायला लॅबच्या दारात गेले होते. सर फळ्यावर सावड समजावत होते, तुझ्या वावरात, माझ्या वावरात. ती मागून उभी राहिली.

"सर, सावडीत असं नसतंय."

"कसं नसतं?"

"ज्याच्याकडं बैल न्हाईत, त्याची पाळी पह्यली लावत्यात."

वर्गात खसखस पिकली. सरही हसले. "का बरं? देवधर्म म्हणून?"

"न्हाई सर. त्याचं वावर वेळेत झालं न्हाई तर तो कशाला थांबन? तो कोयता घिऊन ऊसतोडीला जातो निगून. मंग सगळ्यांच्याच कामाला एक मानूस कमी पडतंय. म्हनून त्याला आदी द्यायचं. मंग तो बाकीच्यांकडं राबतो की."

सरांच्या चेहऱ्यावरचं हसू जरा हललं. मग ते म्हणाले, "तुमच्याकडं शेत तरी आहे का, पगारे?"

'तुमच्याकडं' म्हणजे कुणाकडं, हे वर्गातल्या प्रत्येकाला कळलं. मलाही कळलं. तो शब्द मी लहानपणापासून वेगवेगळ्या तोंडून ऐकलेला आहे, त्यातला जोर मला बरोबर ओळखू येतो.

मंदा शांत होती. "न्हाई सर, शेत न्हाई. वाट्यानं करतो दुसऱ्याचं. बैलबी न्हाईत. पह्यली पाळी आमचीच असती, म्हनून तर म्हाईत हाय."

या वेळी कुणी हसलं नाही. वाबळे सर फळ्याकडे वळले आणि खडू हातात धरून कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. मला वाटलं, माणूस ओशाळला. मी मनात म्हटलंही, चला, कुठेतरी ओल आहे. घंटा झाली तरी ते फळ्याकडेच बघत होते. कसली ओल आणि कसलं काय. माणूस हिशेब करत होता.

त्यानंतर महिनाभर काही बदललं नाही. निळी पट्टी तिथंच. मी मंदाला इंग्रजीच्या नोट्स काढून द्यायचे, ती तेवढ्यावर अभ्यास करायची. प्रॅक्टिकलच्या दिवशी मी व्हरांड्यात थांबले होते. ती बाहेर आली, पाण्याच्या टाकीपाशी गेली, तोंडावर पाणी मारलं आणि माझ्याकडे आली.

"सातव्यातलं आलं, मॅडम."

सातवा धडा तिच्या मशीनवर कधी पोहोचलाच नव्हता. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती म्हणाली, "बस जाईल, येते," आणि गेली.

परीक्षा संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी भानुदास सांगत आला, की वाबळे सर सकाळपासून लॅबमध्ये डबा न खाता बसलेत. सावडीत नवीन नियम घालत होते. प्रत्येक मशीनने मधूनमधून एक पाळी अशा मशीनला द्यायची, ज्याने अजून काहीच दिलेलं नाही. मी तशीच उठून लॅबमध्ये गेले. सर खुशीत होते. मला खुर्ची पुढे केली, जी त्यांनी पूर्वी कधी केली नव्हती.

"बघा मॅडम, कोरं मशीन कसं भरतंय. आणि भरलं की लगेच दुसऱ्यांना द्यायला लागतं. सगळ्यांचाच वेग वाढला. कमाल आहे."

"हे तुम्हाला महिन्यापूर्वी सांगितलं होतं तिने."

"हो ना. तेव्हापासून डोक्यात घोळतंय माझ्या."

"मग परीक्षेआधी का नाही केलंत?"

सरांना प्रश्नच कळला नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं. "परीक्षेच्या तोंडावर नियम बदलायचा? बाकीच्या मुलांवर अन्याय नाही का होणार?"

त्या क्षणी मी त्यांना जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही. आईच्या कानावर गेलं असतं तर तिने मला चर्चमध्ये गुडघे टेकायला लावलं असतं. सर नुसतं ऐकून घेत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "तुम्ही फार मनाला लावून घेता, मॅडम," आणि पुन्हा पडद्याकडे वळले.

निकाल लागला. मंदा तेवढ्या एका प्रॅक्टिकलमध्ये राहिली, बाकी सगळ्यात चांगली सुटली होती. ऑक्टोबरला पुन्हा बसता आलं असतं, मी तसा निरोपही पाठवला. निरोप घेऊन गेलेला मुलगा परत आला आणि म्हणाला, "मॅडम, तिचं लगीन झालं की. पार गेवराईकडं दिली." वडिलांनी एका बाजूचा शब्द पाळला होता.

मला जूनमध्ये नगरला दुसरी नोकरी लागली. सामान बांधून झालं होतं, शेवटच्या दिवशी फक्त सह्या करायला गेले, तर कॉलेजात पुण्याहून पाहुणे आलेले. दोन प्राध्यापक, 'सावड' बघायला. प्राचार्य मला म्हणाले, तुम्हीही या, इंग्रजीत काही विचारलं तर बरं पडेल. गेले.

वाबळे सर त्या दिवशी सुरेख बोलले, हेही सांगायला हवं. त्यांनी पाहुण्यांसमोर एका मशीनची डिस्क मुद्दाम कोरी केली, वायरीच्या टोकाच्या त्या जुन्या मशीनची, आणि सगळ्यांना त्याच्याभोवती उभं केलं. पडद्यावर धडे भराभर यायला लागले. पहिला, दुसरा, तिसरा, क्रमाने, एकही न चुकता. दोघं प्राध्यापक वाकून बघत होते. त्यांच्यातल्या वयस्कर गृहस्थांनी विचारलं, "ज्याने काही दिलेलं नाही त्याला आधी द्यायचं, हे तुम्हाला सुचलं कसं?"

"शेतकऱ्याचं घर आहे, सर," वाबळे सर म्हणाले. "आमच्या आजोबांच्या सावडीत ही पद्धत चालतच आलेली. बिनबैलाच्या माणसाची पाळी पहिली."

मी मागून म्हटलं, "हे मंदा पगारेने सांगितलंय. भर वर्गात. मी दारात उभी होते."

प्राचार्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की बास. वाबळे सरांचा मात्र चेहरा जराही बदलला नाही. "हो, हो. आमचीच विद्यार्थिनी. मॅडम म्हणतात ते बरोबर आहे, तीही काहीतरी तसं बोलली होती."

"अरे वा," ते वयस्कर प्राध्यापक म्हणाले. त्यांना खरोखरच आनंद झाला होता. त्यांनी लॅबभर नजर फिरवली. "बोलवा ना तिला. कुठाय ती?"

"ती नापास झाली, सर," वाबळे सर म्हणाले, आणि पाहुण्यांना घेऊन पुढच्या मशीनकडे गेले.